लिबरऑफिसचे न तपासलेले बग : सोलापुरातून ट्रायाज करायचंय, सुरुवात कुठून?

साखरपेठ

मंडळी, दहा जणांचा गट जमलाय. सहा अभियांत्रिकीचे विद्यार्थी, दोघे लग्नपत्रिका-हँडबिलं करणारे डीटीपीवाले, एक ग्रंथपाल आणि मी. विजापूर रोडवरची एक लॅब दर रविवारी १० ते १ मोकळी मिळते. बारा मशीन आहेत. आठांवर उबंटू, चारांवर विंडोज, रॅम सगळीकडं ८ जीबी. सी++ येणारे दोघेच, त्यामुळं कोडला हात लावण्याऐवजी लिबरऑफिस या मोफत ऑफिस-प्रोग्रॅमच्या बगझिलात (बग नोंदवायच्या साइटवर) पडून असलेले न तपासलेले रिपोर्ट चाळायचे, म्हणजे ट्रायाज करायचा, असं ठरलंय.

विचारायचं ते असं. बग "खरा आहे" असं कधी म्हणायचं? आपल्याला दिसला नाही तर रिपोर्ट बंद करायचा का? मराठीतून किंवा मोडक्यातोडक्या इंग्रजीतून आलेल्या रिपोर्टचं काय करायचं? आणि एका जोडीनं तीन तासांत किती घ्यावेत? बारकाव्यासकट सांगा, कितीही लांब झालं तरी चालेल.

होटगीरोड

शेवटचा प्रश्न आधी घेतो. एका जोडीनं तीन तासांत तीन रिपोर्ट. पाच घेतले तर चौथा आणि पाचवा घाईत उरकला जातो, आणि घाईत लिहिलेलं "माझ्याकडं होत नाही" वाचून पुढचा माणूस तो रिपोर्ट उघडतच नाही.

कसोटी एकच धरा. तुमचं काम संपल्यावर डेव्हलपरनं रिपोर्ट उघडला, तर दोन मिनिटांत तोच बग त्याच्या स्क्रीनवर दिसला पाहिजे. त्यासाठी जे लागतं ते सगळं ट्रायाज.

आता क्रम. रिपोर्ट वाचा, जोडलेली फाइल उतरवा, पण लगेच उघडू नका. आधी आपली आवृत्ती नोंदवा. हेल्प मेनूत अबाउटच्या खिडकीत माहिती कॉपी करायचं बटण आहे, तिथला सगळा मजकूर टिप्पणीत चिकटवायचा. त्यात बिल्डचा (बांधून तयार झालेल्या प्रोग्रॅमचा) क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिम, लोकॅल (भाषा-प्रांताची सेटिंग) आणि व्हीसीएल असा एक शब्द येतो. खिडक्या-बटणं कशातून काढली जातात ते तो सांगतो. लिनक्सवर तो जीटीके३ आहे, क्यूटी आहे की जेन, हे फार महत्त्वाचं. पुष्कळ क्रॅश फक्त जीटीके३ वर होतात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून तोच प्रोग्रॅम जेनमध्ये चालवला की एका मिनिटात कळतं.

मग स्वच्छ प्रोफाइल, म्हणजे वापरणाऱ्याच्या सेटिंगचा कोरा फोल्डर. उबंटूवर प्रोफाइल घरच्या डिरेक्टरीत, डॉट-कॉन्फिग, लिबरऑफिस, ४, यूजर असं असतं. आवृत्ती २४ असो की २५, तो फोल्डर ४ च राहतो. तो शोधताना नवे लोक नेहमी चुकतात. फोल्डर पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा. प्रोफाइल बदलल्यावर बग गेला तर बिघाड जुन्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे, आणि तो जुना फोल्डरच तुमचा पुरावा असतो. रिपोर्टरला हे सगळं सांगत बसू नका. त्याला हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू करायला सांगा. ५.३ पासून ती सोय आहे.

विंडोजवर चित्र फाटलेलं, काळे चौकोन, मेनू रिकामा असले रिपोर्ट आले तर टूल्स, ऑप्शन्स, व्ह्यूमध्ये जाऊन स्किया (स्क्रीनवर चित्र काढणारा भाग) सॉफ्टवेअर रेंडरिंगवर टाकून बघा. तेवढ्यानं गेलं तर ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव आणि आवृत्ती मागून घ्या. त्याशिवाय तो रिपोर्ट कुणाच्याच कामाचा नाही.

तुमच्या उबंटूवाल्यांसाठी एक सावधगिरी. स्नॅपचं (बंदिस्त पॅकेजमधलं) लिबरऑफिस, उबंटूच्या नेहमीच्या पॅकेजमधलं लिबरऑफिस आणि लिबरऑफिस चालवणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशननं बांधलेलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. स्नॅपला सगळे फोल्डर दिसत नाहीत आणि त्याचं प्रोफाइलही वेगळ्या जागी असतं. तपासणी फाउंडेशनच्या बिल्डवरच करा. बग फक्त उबंटूच्या पॅकेजमध्ये दिसत असेल तर स्थिती नॉटअवरबग (आपला बग नाही), आणि रिपोर्टरला लाँचपॅडचा, म्हणजे उबंटूच्या बग-साइटचा रस्ता दाखवायचा.

पुष्टी झाली की स्थिती न्यू. पण स्वतः टाकलेला रिपोर्ट स्वतःच न्यू करायचा नसतो, दुसऱ्यानं बघायला हवा. जोडीत काम करणार असलात तरी एकमेकांचे शिक्के मारू नका, दुसऱ्या जोडीला द्या.

कंबरतलाव

होटगीरोड यांच्याशी सहमत. मी फक्त रिपोर्टरला जाणाऱ्या पहिल्या उत्तराबद्दल लिहिते, कारण तिथंच जास्त रिपोर्ट मरतात.

ज्यानं रिपोर्ट लिहिलाय त्याला खातं उघडावं लागलंय, ईमेल पडताळावा लागलाय, इंग्रजीत खटपट करावी लागलीय. त्याला पहिलं उत्तर "कृपया अधिक माहिती द्या" एवढंच गेलं तर तो परत येत नाही, कारण कुठली माहिती हेच त्याला कळत नाही. एका उत्तरात जास्तीत जास्त दोन प्रश्न विचारा, आणि प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर हो, नाही किंवा एका फाइलमध्ये देता येईल.

उदाहरण घ्या. रिपोर्ट आला, "कॅल्कमध्ये बेरीज चुकते." वाईट प्रश्न : "कसं चुकतं ते सविस्तर सांगाल का?" चांगला प्रश्न : "ज्या रकान्याची बेरीज चुकते तिथल्या एका आकड्यावर क्लिक केल्यावर वरच्या पट्टीत आकड्याआधी ऊर्ध्व स्वल्पविराम दिसतो का?" दिसत असेल तर तो आकडा मजकूर म्हणून साठलाय, सम हे बेरजेचं सूत्र त्याला धरत नाही, आणि हा बग नाही. व्ह्यू मेनूत व्हॅल्यू हायलाइटिंग चालू करायला सांगा. आकडे निळे होतील, मजकूर काळा राहील. स्वल्पविराम नाही आणि आकडा निळाही होतो, म्हणजे आता खरा तपास सुरू.

प्रश्न विचारल्यावर स्थिती नीडइन्फो (माहिती हवी) करायला विसरू नका. अनकन्फर्म्डच (पुष्टी न झालेली) राहिली तर दुसरा ट्रायाजवाला तोच रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून तपासतो. आणि उत्तर आलं की नीडइन्फोतून परत काढलंय ना तेही बघा. रिपोर्टरला ते स्वतः करता येतं, पण पुष्कळांना ठाऊक नसतं, तो बिचारा उत्तर देऊन वाट बघत बसतो.

आणखी एक. काही प्रकल्पांत नव्या खात्याला स्थिती बदलायचा हक्क लगेच मिळत नाही. हक्क मिळेपर्यंत टिप्पणी लिहा. नीट लिहिलेल्या टिप्पणीवर दुसरं कुणीतरी स्थिती बदलून देतं.

नवीपेठ_डीटीपी

मराठी मजकुराच्या रिपोर्टमध्ये बग नसलेलेच पुष्कळ असतात. ते आधी बाजूला काढलेत तर वेळ वाचेल.

पहिला प्रकार जुन्या फाँटचा. युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइलमध्ये खरोखरच इंग्रजी कोड आहेत, मराठी चेहरा फक्त फाँट देत होता. हा नॉटअबग. पण उत्तर देताना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागेल एवढं सांगाच, नाहीतर तो माणूस लिबरऑफिसनं फाइल खराब केली असं समजून जातो.

दुसरा प्रकार : "फाँट बदलला तरी मराठी बदलत नाही." रायटरमध्ये पाश्चात्त्य लिपी, चिनी-जपानी-कोरियन आणि कॉम्प्लेक्स लिपी यांचे फाँट वेगवेगळे साठतात. देवनागरी तिसऱ्यात मोडते. रिपोर्टरनं स्टाइलमध्ये फक्त पहिल्याचा फाँट बदललेला असतो. कॅरेक्टरच्या खिडकीचा स्क्रीनशॉट मागवला की लगेच कळतं.

तिसरा : "ल आणि श हिंदीसारखे दिसतात." पाकळीचा ल आणि गाठीचा श काही फाँटमध्ये फक्त मजकुराची भाषा मराठी असेल तेव्हाच येतात. खाली स्टेटस बारवर भाषा हिंदी दिसत असेल तर आधी ती बदलून बघायची. मराठी केल्यावरही बदल झाला नाही आणि फाँटमध्ये ती रूपं असल्याची खात्री आहे, तर मग तपासायला घ्या.

होटगीरोड

नवीपेठ यांनी विषय काढलाच आहे, तर एक नमुना शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. समजा रिपोर्ट असा आलाय : "रायटर में मराठी र बरोबर येत नाही. लवकर दुरुस्त करा." फाइल नाही, आवृत्ती नाही.

मराठीत र चे दोन जोड असतात. दर्या म्हणजे समुद्र, त्यात रफार. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, त्यात आडवी रेघ. आचार्याला आणि आचाऱ्याला ही तशीच जोडी. स्क्रीनवर एकाच्या जागी दुसरा आला तर अर्थच बदलतो, म्हणून या रिपोर्टला क्षुल्लक धरू नका.

आडव्या रेघेचा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक तऱ्हा : नुक्त्याचा ऱ, कोड ०९३१, मग हलन्त ०९४डी, मग य. दुसरी : साधा र, ०९३०, मग हलन्त, मग न दिसणारा जोडक २००डी, मग य. दोन्हींचं रूप एकसारखं दिसतं, पण युनिकोडच्या दृष्टीनं ते एक नाहीत. त्यामुळं एका तऱ्हेनं लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेनं शोधला तर सापडत नाही. आणि दुसऱ्या तऱ्हेतला तो न दिसणारा जोडक मध्ये कुठं गळला, एखाद्या वेब फॉर्ममधून किंवा मजकूर साफ करणाऱ्या स्क्रिप्टमधून जाताना, की दऱ्या चा दर्या होतो.

म्हणून पहिला प्रश्न रिपोर्टरला : "मजकूर थेट रायटरमध्ये टाइप केला की दुसरीकडून चिकटवला?" दुसरी मागणी : फक्त तो एक शब्द असलेली रायटरची ओडीटी फाइल. स्क्रीनशॉटवरून कोड दिसत नाहीत.

फाइल आली की शब्दातल्या अक्षरामागं कर्सर ठेवून आल्ट-एक्स दाबा, अक्षराच्या जागी कोड येतो. पुन्हा दाबलं की अक्षर परत. जोडक गळालेला असेल तर रायटर बरोबर वागतोय, मजकूरच वेगळा आहे. कोड बरोबर आहेत आणि तरी रफार दिसतोय, तर फाँट बदला. लोहित, नोटो, मुक्ता या तिघांत बघा. एकाच फाँटमध्ये चुकत असेल तर बग त्या फाँटचा, त्याच्या प्रकल्पाकडं जाईल.

इथं एक फसवी जागा आहे. बरेच जण म्हणतात, फायरफॉक्समध्येही चुकतंय, म्हणजे लिबरऑफिस निर्दोष आणि फाँट दोषी. तसं निघत नाही. फायरफॉक्स, क्रोम आणि ५.३ पासून सगळ्या सिस्टिमवरचं लिबरऑफिस, तिघंही अक्षरजुळणीला हार्फबझ हीच लायब्ररी वापरतात. तिन्हीकडं चुकलं तर दोष फाँटमध्ये असेल किंवा हार्फबझमध्ये. ते वेगळं करायला विंडोजच्या नोटपॅडमध्ये तोच फाँट लावा, तिथली जुळणी मायक्रोसॉफ्टची स्वतःची आहे. नाहीतर टर्मिनलवर एचबी-शेप ही आज्ञा फाँटची फाइल आणि शब्द देऊन चालवा, ती कुठले ग्लिफ (फाँटमधली अक्षररूपं) निवडले त्यांची नावं छापते. ते उत्तर जसंच्या तसं रिपोर्टमध्ये टाका.

स्क्रीनवर बरोबर आणि पीडीएफमध्ये चूक, हा निराळा रिपोर्ट. त्यातही दोन पोटप्रकार. पीडीएफमध्ये दिसायलाच चूक आहे, की दिसतं बरोबर पण कॉपी करून चिकटवल्यावर गडबडतं? पीडीएफमध्ये अक्षरांची काढलेली रूपं असतात, त्यावरून मूळ अक्षरांकडं परत जायचा नकाशा वेगळा साठवतात, आणि देवनागरीत क्रम मागंपुढं होत असल्यानं तो नकाशा सहज चुकतो. कॉपीचा त्रास असेल तर किमान दोन वेगळ्या वाचकांत, समजा एव्हिन्स आणि फायरफॉक्स, करून बघा आणि दोन्हींचा निकाल लिहा.

शेवटी शीर्षक बदला. "मराठी र चुकतो" याऐवजी इंग्रजीत असं : ओडीटीतला ऱ-हलन्त-य पीडीएफ निर्यातीनंतर रफार म्हणून दिसतो, अमुक फाँट, अमुक आवृत्तीपासून. शोधणाऱ्याला शीर्षकातूनच सापडलं पाहिजे.

पूर्वभाग

वरचं वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. तुमच्या गटात तेलुगू आणि कन्नड वाचणारे घ्या. सोलापुरात ते शोधायला लांब जावं लागत नाही. पूर्व भागात घरोघरी तेलुगू आहे, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. बगझिलात या दोन लिप्यांचे रिपोर्ट अडकून राहतात कारण बघणाऱ्याला चित्रात चूक काय हेच कळत नाही. आपल्याला ते नजरेनं कळतं.

पण देवनागरीचा नियम तिकडं लावू नका. मराठीत आडव्या रेघेसाठी जोडक हलन्तानंतर येतो. कन्नडमध्ये रॅलीसारख्या शब्दात र आधी पूर्ण दिसावा आणि य त्याच्या खाली यावा म्हणून जोडक हलन्ताच्या आधी, र ला लागून टाकतात. क्रम उलटा. मराठीच्या सवयीनं टाइप केलेला कन्नड शब्द चुकीचा दिसला तर तो बग नाही, आणि बरोबर क्रमानं टाइप करूनही चुकला तर बग आहे. कोड बघितल्याशिवाय दोन्हींतला फरक कळणार नाही.

मोडक्या इंग्रजीतल्या रिपोर्टबद्दल : रिपोर्टरचं मूळ वाक्य पुसू नका. खाली टिप्पणीत स्वच्छ इंग्रजी भाषांतर द्या. मेनूंची नावं इंग्रजी इंटरफेसमधली लिहा, कारण मराठी इंटरफेसमधल्या नावावरून डेव्हलपरला बटण सापडत नाही. आणि भाषांतरात आपला अंदाज घुसवू नका. तो "फाइल उडाली" म्हणाला तर फाइल पुसली गेली, रिकामी उघडली की प्रोग्रॅम बंद पडला, हे त्यालाच विचारा. "उडाली" या एका शब्दाचे आपल्याकडं तिन्ही अर्थ होतात.

उभाधागा

आधी चालत होतं आणि आता बिघडलं, अशा रिपोर्टवर तुमच्या गटानं जास्त वेळ घालावा, कारण सी++ न येणारा माणूसही तिथं थेट दोषी बदलापर्यंत पोचू शकतो.

पहिलं काम : कुठल्या आवृत्तीपासून. जुनी बिल्डं फाउंडेशनच्या संग्रहात ३.३ पासून मिळतात, म्हणजे २०११ पासूनची. विंडोजवर एकावर एक इन्स्टॉल करू नका. एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर) फाइल प्रशासकीय पर्यायानं, म्हणजे एमएसआयएक्झेकला स्लॅश-ए देऊन, वेगळ्या फोल्डरात नुसती उलगडा. रजिस्ट्रीला धक्का लागत नाही, दहा आवृत्त्या शेजारी शेजारी राहतात. प्रत्येकीला प्रोफाइल मात्र स्वतंत्र द्या. आवृत्तीचा रकाना भरताना बग दिसलेली सर्वांत जुनी आवृत्ती लिहायची. नवे लोक तिथं आपल्याकडची सर्वांत नवी लिहितात आणि कुणीतरी मेहनतीनं शोधलेली माहिती पुसून टाकतात. ३.३ मध्येही दिसला तर ओपनऑफिसपासून वारशानं आलेला असा पर्याय आहे, तो निवडा.

मग बायबायसेक्ट, म्हणजे तयार बिल्डं निम्मी-निम्मी करत दोषी बदल शोधणं. प्रत्येक कमिटची (कोडमध्ये केलेल्या बदलाची) तयार बांधलेली बिल्डं एका गिट रिपॉझिटरीत ठेवलेली असतात, स्वतः काही कंपाइल करावं लागत नाही. रिपॉझिटरी काही जीबींची असते. एका मशीनवर आदल्या रात्री उतरवून ठेवा आणि लॅबच्या आतल्या नेटवर्कवरून बाकीच्यांवर कॉपी करा. गिट बायसेक्ट स्टार्ट, एक टोक गुड, दुसरं बॅड. दर वेळी उरलेलं अंतर निम्मं होतं. ४,००० कमिट असतील तर १२ वेळा तपासून एका कमिटवर येता.

यात एकच उत्तर चुकलं तरी शेवटचा कमिट भलताच निघतो, आणि गिट काही तुम्हाला सावध करत नाही. म्हणून निकाल आल्यावर तो कमिट आणि त्याच्या लगेच आधीचा, दोन्ही पुन्हा हातानं तपासा. बिल्ड चालूच झालं नाही तर गुड-बॅड काही न म्हणता स्किप म्हणा. बायसेक्टचा लॉग रिपोर्टला जोडा, त्यावरून दुसऱ्याला पुन्हा चालवता येतं.

कधी होतो कधी नाही असा बग असेल तर हिशोब करूनच हात घाला. चारातून एकदा होणारा बग दहा वेळा करून बघितलात आणि दिसला नाही, तरी तो तिथं असण्याची आणि फक्त न दिसण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांच्या वर राहते. बारा पायऱ्यांत साधारण सहा ठिकाणी खरोखर बग असतो, म्हणजे कुठंतरी फसण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या जवळ जाते. सोळा वेळा केलंत तर प्रत्येक ठिकाणची शक्यता एक टक्क्यावर येते. त्याआधी बग हमखास होईल अशी युक्ती शोधणं केव्हाही चांगलं : फाइल मोठी करा, ऑटोसेव्हचा वेळ एक मिनिटावर आणा, खिडकी लहान करा.

आपल्याकडच्या चादरीवरून हे लवकर समजतं. जॅकार्डच्या पंचकार्डात एक भोक चुकलं तर प्रत्येक नक्षीत त्याच जागी चूक येते. उभा धागा तुटला तर लांबीभर रेघ पडते. आडवा धागा तुटला तर एकाच ओळीत दोष, पुढं काही नाही. कारखान्यात कापड तपासणारा दोषाची तऱ्हा बघून कार्डाकडं जायचं की बीमाकडं (उभे धागे गुंडाळलेल्या रुळाकडं) ते ठरवतो. रिपोर्टमध्येही तेच लिहा : प्रत्येक फाइलमध्ये होतं, या एका फाइलमध्ये सगळीकडं होतं, की या फाइलमध्ये एकाच पानावर होतं. या एका ओळीवरून डेव्हलपर कुठल्या भागात बघायचं ते ठरवतो.

साखरपेठ

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. दोन प्रश्न राहिले. डुप्लिकेट कसे ओळखायचे? आणि सहा-सहा महिने उत्तर न आलेले रिपोर्ट आपोआप बंद करतात ते बरोबर आहे का?

कंबरतलाव

डुप्लिकेट शोधताना बंद झालेले रिपोर्टही धरा. शोध डिफॉल्टनं फक्त उघड्यांत होतो, आणि नेमकं उत्तर बंद झालेल्यात असतं. एररचा मजकूर अवतरणात टाकून शोधा, मग लक्षण दोन-तीन वेगळ्या शब्दांत. क्रॅश असेल तर बॅकट्रेसमधल्या (क्रॅशच्या वेळी चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीतल्या) वरच्या चार-पाच फंक्शनांची नावं जुळवा. लक्षण सारखं पण फंक्शनं वेगळी असतील तर डुप्लिकेट म्हणू नका, सी-ऑल्सो (हेही पाहा) या रकान्यात एकमेकांचे क्रमांक घाला.

वेगळे बग चुकून एकत्र केले की जास्त नुकसान होतं. पहिला दुरुस्त होतो, दुसरा त्याच्या पोटात बंद पडलेला असतो आणि त्याचा कुणी वाली राहत नाही. दोन सारखे बग वेगळे राहिले तर फार तर डेव्हलपर एक जास्त टिप्पणी वाचतो.

कुठला ठेवायचा? जुना ठेवायचा असा हट्ट नको. ज्यात चांगली फाइल, पायऱ्या आणि बायसेक्टचा निकाल आहे तो ठेवा. आणि एक नियम कायम पाळा : दुरुस्त करणारा कमिट माहीत असेल तरच फिक्स्ड. नव्या आवृत्तीत बग दिसत नाही पण कुणी दुरुस्त केला ते ठाऊक नाही, तर वर्क्सफॉरमी (माझ्याकडं चालतंय).

उभाधागा

आपोआप बंद करण्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या प्रकल्पात माहिती मागून पंधरा दिवस झाले की आठवण जाते आणि आणखी पंधरा दिवसांनी रिपोर्ट बंद होतो. लिबरऑफिसमध्ये नीडइन्फोला सहा महिने झाले की आठवण, त्यानंतर साधारण महिन्यानं इनसफिशियंटडेटा (अपुरी माहिती) म्हणून बंद. ही मुदत मला योग्य वाटते. उत्तराविना पडलेले हजारो रिपोर्ट उघडे राहिले तर शोधताना खरे बग त्यांच्यात हरवतात.

पूर्वभाग

मुदतीला माझा विरोध नाही. पण नीडइन्फो कुणी आणि कशासाठी लावलं ते बघितल्याशिवाय बंद करणं मला पटत नाही. पुष्कळदा रिपोर्टरनं फाइल दिलेली असते, पायऱ्या दिलेल्या असतात, आणि कुणीतरी "नव्या आवृत्तीत बघा" एवढं म्हणून चेंडू त्याच्याकडं ढकललेला असतो. नव्या आवृत्तीत बघणं आपल्याला पाच मिनिटांचं काम आहे. त्याच्या कार्यालयात इन्स्टॉल करायचा अधिकारच नसतो. जे आपल्याला करता येतं त्यासाठी नीडइन्फो लावू नये.

उभाधागा

हे मान्य. मग साखरपेठ, तुमच्या गटाला पहिलं काम हेच द्या : नीडइन्फोत पाच महिने झालेले, फाइल जोडलेले रिपोर्ट. बंद व्हायच्या आधी फाइल नव्या बिल्डमध्ये उघडून बघा आणि निकाल लिहा. नवख्यांना शिकायला यापेक्षा सोपा साठा नाही, कारण पायऱ्या आधीच लिहिलेल्या असतात.

नवीपेठ_डीटीपी

फाइल जोडण्यावरून एक महत्त्वाचं. बगझिलात जोडलेली फाइल सगळ्या जगाला दिसते, आणि जोडणाऱ्याला ती स्वतः काढता येत नाही, ॲडमिनला सांगावं लागतं. आपल्याकडून जाणाऱ्या फायलींत सातबारा, आधार क्रमांक, लग्नपत्रिकेवरचे मोबाइल नंबर, पगारपत्रकं असतात. रिपोर्टर न बघता जोडतो. असं दिसलं तर तपास नंतर, आधी ॲडमिनला कळवा.

मजकूर झाकायला सगळी अक्षरं एक्सनं बदला असा सल्ला मिळतो. इंग्रजीला तो चालतो. मराठीत एक्स टाकलं की जोडाक्षरंच जातात आणि बगही नाहीसा होतो. देवनागरीत बदल करताना व्यंजनाच्या जागी व्यंजन, मात्रेच्या जागी तीच मात्रा, हलन्त आणि जोडक जसेच्या तसे ठेवा. सगळी व्यंजनं क केली तरी र ला हात लावू नका. प्रत्येक बदलानंतर बग अजून दिसतो ना ते बघा. दस्तऐवजाच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं नाव आणि ट्रॅक चेंजेसमध्ये जुना मजकूर राहतो, तोही काढा.

होटगीरोड

आणि फाइल उघडताच आपोआप मॅक्रो चालतोय, किंवा बनावट फाइलनं क्रॅश होऊन मेमरीचा पत्ता हवा तिथं वळवता येतोय असं दिसलं, तर ते उघड्या रिपोर्टमध्ये लिहायचंच नाही. प्रकल्पाच्या सुरक्षा पत्त्यावर खासगी ईमेल करायचा. लॅबच्या फळ्यावरसुद्धा मांडू नका.

गंभीरतेच्या रकान्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून दोन ओळी. डेटा गेला किंवा क्रॅश झाला तर क्रिटिकल, नेहमीचं काम अडलं आणि वळसा नाही तर मेजर, बाकी नॉर्मल. ब्लॉकर तुम्ही लावू नका. प्राधान्याला पहिले तीन महिने हातच लावू नका, ते किती लोकांना त्रास होतो यावर ठरतं आणि त्याचा अंदाज यायला दोनशे-तीनशे रिपोर्ट वाचावे लागतात.

साखरपेठ

ठरलं तर. पाच जोड्या, जोडीला तीन रिपोर्ट, नीडइन्फोतले फाइलवाले. उबंटूवरून स्नॅप काढून फाउंडेशनचं बिल्ड शनिवारीच टाकतो, विंडोजवर तीन जुन्या आवृत्त्या उलगडून ठेवतो. शेवटची वीस मिनिटं जोड्या एकमेकांचे निकाल पुन्हा करून बघतील, त्यानंतरच टिप्पण्या जातील. तेलुगू वाचणारे कुणी येऊ शकतील का?

पूर्वभाग

आम्ही दोघं येतो, एकाला कन्नडही येतं. उबंटूवर आयबसबरोबर (भाषांच्या टायपिंगची सोय) एम१७एन चं पॅकेज आधीच टाकून ठेवा आणि तेलुगू, कन्नड दोन्हींचे इनस्क्रिप्ट लेआउट चालू करा. जोडक कुठल्या कळीवर आहे ते दोन्ही लेआउटमध्ये तपासून मशीनला चिठ्ठी लावा, नाहीतर पहिला तास त्यातच जाईल.